अंब्रेला आणि सॅटर्डे

"आज वार कोणता, सांगता येईल का?" डॉक्टरांनी विचारलं आणि बायको म्हणाली, "सॅटर्डे."

त्या दिवशी खरोखरच शनिवार होता. कित्येक दिवस तोंडातून चकार शब्द न काढलेली बाई बोलली, तीही बरोबर बोलली, आणि वर इंग्रजीत! लेकीने माझा दंड घट्ट धरला. डॉक्टर हसले. मीही हसलो आणि डोळे पुसायला चष्मा काढला. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे कोण?"

"सॅटर्डे," बायको म्हणाली.

लेकीकडे बोट दाखवलं, तर तीही सॅटर्डे. मग डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. त्यावर तिने जरा विचार केला, कपाळाला आठी घातली आणि वर्गात पहिला नंबर ठरलेल्या मुलीच्या ठसक्यात म्हणाली, "अंब्रेला."

बोलाफुलाला गाठ पडली होती, एवढंच. त्यानंतर आजतागायत तिच्या तोंडून हे दोन शब्द सोडून तिसरा शब्द निघालेला नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळ्यांचा नंबर काढायचा आणि त्या नंबरचा चष्मा करून द्यायचा, हा माझा धंदा. बायको दुकानाच्या वरच्या खोलीत शिवणाचा क्लास घ्यायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. मीसुद्धा, पण तिच्या पाठीमागे. बाईंच्या जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार. खाली दुकानात बसून मला वरचा तोंडाचा पट्टा ऐकू यायचा. "हे काज केलंस की उंदराने कुरतडलंय गं?" की मुलींचा खिदळण्याचा आवाज. संध्याकाळी तोच पट्टा माझ्याकडे वळायचा. आमच्यात शब्दाने शब्द वाढायचा, वाढत वाढत जेवणाच्या ताटापर्यंत यायचा, आणि शेवटचा शब्द तिचा असायचा. मला ते आवडायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण त्यावरही तिने एक टोमणा मारला असता.

एका सकाळी कापड बेतताना तिच्या हातातली कात्री खाली पडली. ती उचलायला वाकली आणि तिथेच बसली. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं गेलं. लिहिणं-वाचणं त्याच्याबरोबरच गेलं. अक्षरं पुढे धरली तर कापडावरची नक्षी बघावी तशी ती बघायची, आणि नक्षी पसंत नसल्यासारखी बाजूला सारायची.

लेक दुसऱ्या गावात असते, एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. ती रजा घेऊन आली, मग रजा वाढवली, मग घरून काम मागून घेतलं. घरी आणल्यावर बायकोला बोलायला शिकवणारी एक मुलगी येऊ लागली. तिच्या कामाचं नाव लांबलचक आहे. मी तिला वाचामास्तरीण म्हणतो. तिने पहिल्याच दिवशी आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवून नीट समजावलं.

"काकूंना आपण बोलतो ते जवळजवळ सगळं कळतं. त्यांना काय म्हणायचंय तेही त्यांच्या मनात तयार असतं. फक्त शब्द हाताला लागत नाहीत."

"पण मग हे दोन कसे लागले?" मी म्हणालो. "आणि हेच का? आमच्या घरात छत्रीला छत्री म्हणतात आणि शनिवारला शनिवार. हिचं इंग्रजी म्हणजे... जाऊ द्या. इंग्रजीत बोलणाऱ्या गिऱ्हाइकांना ही दारातूनच माझ्याकडे पाठवायची."

"काका, कारण शोधू नका. घर पडलं की माणूस हाताला लागेल ते घेऊन बाहेर पळतो. मागाहून कळतं की हातात उशी आली. तसं आहे हे."

पण कारण शोधू नका म्हटल्यावर न शोधणारा माणूस मी नाही. लेकही माझीच. तिने अंब्रेलाचा छडा लावला: क्लासमध्ये आई अंब्रेला कट शिकवायची, घेरदार फ्रॉकचा. मी म्हटलं, ठीक, मान्य. आणि सॅटर्डे? सॅटर्डेने मात्र आम्हाला ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी मी लेकीची शाळेतली जुनी डिक्शनरी काढली आणि दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवून बघितले. एक कोपऱ्यात उभी करून ठेवायची वस्तू, दुसरा आठवड्यातून एकदा येऊन जाणारा वार. एक उघडता-मिटता येते, दुसऱ्यावर आपला काही इलाज चालत नाही. एक हरवते, दुसरा हरवू म्हटलं तरी हरवत नाही. दोघांची सोयरीक जुळवायची तर "शनिवारी मी छत्री विसरलो" यापलीकडे मला एक वाक्य सुचेना.

आणि गंमत अशी, की या दोन शब्दांत ती सगळं बोलायची. सूर शाबूत होता. चहा पांचट झाला की कप अर्ध्यावर ठेवून "अंब्रेला?" असं काही विचारायची की मी मुकाट्याने तो कप घेऊन स्वयंपाकघरात जायचो. खिडकीतून समोरची बाई नवीन पडदे लावताना दिसली की लेकीला जवळ बोलावून, आवाज उतरवून, "सॅटर्डे, सॅटर्डे, अंब्रेला," आणि मग दोघी तोंडाला हात लावून हसायच्या. शेजारीण भेटायला आली आणि "लवकर बऱ्या व्हा हं" म्हणत गोड गोड बोलायला लागली, तर तिच्या तोंडावर तिला इतकं मनापासून "सॅटर्डे" म्हणाली की शेजारीण "थँक्यू थँक्यू" म्हणत निघून गेली. ती गेल्यावर माझी हसता हसता पुरेवाट झाली. कारण ते काय होतं हे मला ठाऊक होतं, आणि थँक्यू म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तिला वाटत होतं ती नेहमीसारखीच बोलतेय. हे आम्हाला बरेच दिवस कळलं नाही. तिच्या कानांना तिचं बोलणं ठीक ऐकू येत होतं, आणि आम्हीच अचानक ठार मंद झालो होतो. आम्हाला दोनदोनदा सांगावं लागतं म्हणून ती चिडायची. मी "काय? काय म्हणालीस?" केलं की डोळे मिटून मोठा श्वास घ्यायची आणि लहान मुलाला समजावतात तसं एकेक अक्षर तोडून सांगायची: "अं-ब्रे-ला!"

रोजचं निभत होतं ते सुरावर. पण हो आणि नाही यांचं घोडं अडायचं. मान दोन्हीकडे हलायची. भूक लागली का, हो, पोट भरलंय का, हो, मग नाही, मग परत हो. वाचामास्तरणीने एक हिरवा आणि एक लाल पत्ता करून दिला, हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. बायकोने दोन्ही पत्ते उचलून खिडकीच्या खाचेत खोचले, खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून.

मग माझं एक मत तयार झालं. अंब्रेला म्हणजे हो आणि सॅटर्डे म्हणजे नाही. अंघोळीचं पाणी गरम लागतंय का? अंब्रेला. केस मी विंचरू? सॅटर्डे, सॅटर्डे! दिवा मालवू? अंब्रेला. मला तर हे इतकं स्पष्ट दिसत होतं की लेकीला दिसत नाही याचंच नवल वाटायचं.

"बाबा, तसं नाहीये," लेक म्हणायची. "मला विचाराल तर अंब्रेला ती वस्तूंसाठी वापरते आणि सॅटर्डे माणसांसाठी."

"मग मला काय म्हणते?"

"तुम्हाला दोन्ही म्हणते."

"म्हणजे मी माणूस की वस्तू?"

"ते आईलाच विचारा."

यात हसण्यासारखं होतं म्हणून आम्ही हसलो. पण मनातून मला ते लागलं होतं. जन्मभर एकाच छपराखाली काढलेल्या माणसाला बायकोचं 'हो' ओळखता येऊ नये, आणि काल आलेल्या लेकीने त्यावर मत मांडावं, हे मला सहन होत नव्हतं. म्हणून मी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

आमच्या धंद्यात एक युक्ती असते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे दोन भिंगं आळीपाळीने धरायची आणि विचारायचं, "हे बरं की हे बरं?" माणसं सांगताना चुकतात, लाजतात, मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगतात. मग मी तेच भिंग दोनदा लावतो, नाहीतर क्रम उलटा करतो, आणि खरं काय ते काढून घेतो. ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याचं मीच ठरवतो. "हेच बरं," असं ठासून सांगतो. आठ दिवसांत डोळ्याला सवय होते, आणि एखादाच तक्रार घेऊन परत येतो. मला या युक्तीचा अभिमान होता.

तर एका दुपारी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. "मी चष्मेवाला आहे?" अंब्रेला. वा. "तू चष्मेवाली आहेस?" सॅटर्डे. वाहवा! "आपली लेक इथेच आहे?" अंब्रेला. मी दाराकडे बघितलं. लेक उभी होती. म्हटलं, बघ. मग मी क्रम उलटा केला. "मी शिवण शिकवतो?" अंब्रेला. "हं? नीट ऐक. मी शिवण शिकवतो?" तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "बाहेर रात्र आहे?" तिने खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं. "बाहेर रात्र आहे का, एवढंच सांग ना. हो की नाही?"

तिच्या लक्षात आलं होतं. डाव्या हाताने तिने शेजारची माझी भिंगांची पेटी उचलली आणि माझ्यावर फेकली. मग "सॅटर्डे अंब्रेला सॅटर्डे सॅटर्डे," असा जो भडिमार सुरू झाला तो थांबेना, आणि त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता: मी काय खुळी झालेय? माझी परीक्षा घेता? तुम्ही? भिंगं खाली सांडली होती. मी ती गोळा करत खालीच बसून राहिलो, कारण मान वर करायची मला लाज वाटत होती.

यानंतर जे झालं ते लेकीच्या हातून झालं, पण मी तिला दोष देत नाही. वाचामास्तरणीला ऐकवायला म्हणून तिने आईचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवलं होतं. ते नीट आलंय का बघायला तिने ते शेजारच्या खोलीत लावलं, आणि मधलं दार उघडं होतं.

बायकोने मान वळवली. ऐकत राहिली. मग मला खूण केली, तो मोबाइल इकडे आणा. लेकीने आणला, तिला वाटलं, आईला मजा वाटतेय. बायकोने तो कानाशी धरला. संपलं तसं परत लाव अशी खूण केली. मग परत. आपलाच आवाज, आपलेच हेल, आपलंच खाकरणं, आणि त्यात नुसतं अंब्रेला, सॅटर्डे, सॅटर्डे, अंब्रेला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि तिला कळत जाताना मला दिसत होतं. मला काहीही करता येत नव्हतं. मोबाइल हिसकावून घेऊ म्हटलं तरी उशीर झाला होता.

तिने मोबाइल पांघरुणावर ठेवला आणि तोंडावर हात ठेवला. शेजाऱ्यांना, क्लासच्या मुलींना, दूधवाल्याला, मला, सगळ्यांना आपण इतके दिवस काय ऐकवत होतो ते तिला एका दमात समजलं. त्या दिवसापासून तिने बोलणं टाकलं. मुली भेटायला आल्या की डोळे मिटून झोपल्याचं सोंग घ्यायची. वाचामास्तरीण आली की भिंतीकडे तोंड करायची. मी तिच्यापुढे मुद्दाम पांचट चहा ठेवून बघितला. तो तिने मुकाट्याने पिऊन टाकला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

अशातच तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. मानेतली डावी रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती. ती उघडून साफ करायचं एक ऑपरेशन असतं. नाही केलं तर दुसरा झटका कधीही येऊ शकतो, आणि तो पहिल्यासारखा दया दाखवेलच असं नाही. केलं तर टेबलावरच झटका येण्याची भीती. तसं झालं तर आज जे समजतंय तेही जाईल. माणसं ओळखणंसुद्धा.

"दोन्हीकडे धोका आहे, काका. मी खोटं सांगणार नाही."

"तुम्ही काय कराल आमच्या जागी?"

"मी करायचं म्हणेन. पण निर्णय त्यांचा. त्यांना समजतं असं आपणच म्हणतो ना? मग त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही."

हे ऐकून मला त्या माणसाचा आदर वाटला आणि रागही आला. कुणीतरी आमच्या वतीने ठरवून टाकावं असं मला वाटत होतं. बाहेरच्या बाकावर लेक म्हणाली, "बाबा, नको. आईला काहीच समजेनासं झालं तर? आपण कोण हेही?" मी म्हणालो, "आणि दुसरा झटका आला तर? मी रोज सकाळी तिच्या छातीकडे बघतो, हलतेय का. अशी वाट बघत मला जगता येत नाही." "तुम्हाला येत नाही," लेक म्हणाली. ती वाईट हेतूने बोलली नाही.

बायकोला दवाखान्यात आणलं. ऑपरेशन ठरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच करायचं होतं. संध्याकाळच्या फेरीत डॉक्टर तिच्या पलंगापाशी आले, खुर्ची घेऊन तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. सोप्या शब्दांत, काही न लपवता, घाई न करता. बायको ऐकत होती. धोक्याचा भाग आला तेव्हा तिने लेकीकडे बघितलं.

"काकू, करायचं असेल तर माझा हात एकदा दाबा," डॉक्टर म्हणाले.

तिने त्यांचा हात दाबला. मग तो परत दाबला, आणि लगेच सोडला नाही. तसाच धरून ठेवून ती बोलायला लागली.

तिने बोलणं टाकल्याला किती दिवस झाले होते! आपल्या तोंडून काय बाहेर पडणार हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. पलीकडच्या पलंगावरची माणसं कान टवकारून ऐकत होती. तरी ती बोलली. आधी हळू, खालच्या आवाजात, मुद्द्याला मुद्दा जोडून, डॉक्टरांचा हात सोडून अंगठ्याने बोटं मोजत: हे एक, हे दुसरं. "अंब्रेला... सॅटर्डे, सॅटर्डे, अंब्रेला." मग लेकीकडे वळून बरंच काही, समजुतीच्या सुरात, लेकीचा पदर सरळ करावा तशी तिची ओढणी सारखी केली. मध्ये एका जागी ती स्वतःशीच हसली. मग माझ्याकडे वळली आणि मला काहीतरी विचारलं.

तो प्रश्न होता याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. शेवटी आवाज वर गेला, भुवया वर गेल्या, आणि ती थांबली. उत्तराची वाट बघत.

"हो," मी म्हणालो.

तिने मान हलवली. ते उत्तर नव्हतं. तिने प्रश्न परत विचारला, तोच, तेवढाच लांब, तशाच चढउतारांचा. मी म्हणालो, "नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी लेकीकडे बघितलं, लेकीने खाली बघितलं. बायकोने तिसऱ्यांदा विचारलं नाही. डॉक्टरांकडे तोंड करून तिने आपलं म्हणणं पुरं केलं, शेवटी एकदा "अंब्रेला" म्हणाली, आणि दमून उशीवर टेकली.

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी मला विचारलं. "तुम्हाला त्यांची सवय आहे."

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा."

शेवटचा शब्द अंब्रेला होता. अंब्रेला म्हणजे हो, असं माझं मत होतंच. आणि मला 'हो' हवं होतं, इतकं हवं होतं की ती शेवटी सॅटर्डे म्हणाली असती तरी मी त्यातून 'हो' काढलं असतं.

"करा म्हणतेय," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान डोलावली, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि ते पुढच्या पलंगाकडे वळले. मी तिचा हात हातात घेतला. म्हणालो, "बरोबर सांगितलं ना गं मी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. राग मला चालला असता. मग तिने माझा हात हलकेच बाजूला केला आणि म्हणाली, "सॅटर्डे."

हा सूर मला माहीत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होता. भांडताना, चिडताना कधी तो लागायचा नाही. एखादी गोष्ट, तिच्या जिवाभावाची, ती मला पुन्हापुन्हा सांगायची, समजावायची, आणि माझ्या डोक्यात काही शिरत नाही असं दिसलं की अगदी सौम्यपणे म्हणायची: राहू द्या, तुम्हाला नाही कळायचं. मग ती उठून मशीनवर बसायची आणि तो विषय घरात पुन्हा कधी निघायचा नाही. इतक्या महिन्यांत तिचं एक वाक्य मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत समजलं होतं, आणि ते हे होतं.

मी उठलो. डॉक्टर वॉर्डच्या दारापर्यंत पोचले होते. मी धावलो, या वयात मला धावताना बघून नर्स बाजूला झाली. बाहेरच्या बोळात मी त्यांना गाठलं.

"डॉक्टर, थांबा. ती तसं म्हणाली नाही."

"करा म्हणाल्या नाहीत?"

"नाही."

"म्हणजे, नको म्हणाल्या?"

"तसंही नाही."

ते थांबले. चांगला माणूस, दिवसभराच्या कामाने डोळे लाल झाले होते, तरी त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काका, तुम्ही शांतपणे सांगा. त्यांना काय हवंय?"

मी तोंड उघडलं. मराठीतले सगळे शब्द माझ्याकडे होते. डॉक्टर माझ्याकडे बघत उभे होते, मीही त्यांच्याकडे बघत उभा होतो, आणि ज्या एकटीला उत्तर ठाऊक होतं ती आत वॉर्डात होती.